सात नंबरची चकती

मित्रांनो, अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत भिंतीवर टांगलेला मी एक जुना लाकडी फळा आहे. मला हात नाहीत, आवाज नाही, आणि भीती मात्र पुरेपूर आहे. ती कुठून आली तेच सांगतो.

माझा जन्म १९५७ सालचा. आमच्याकडे कापसातून सरकी काढणारे बारा रेचे एका रांगेत बसवलेले. सगळे एकाच इंजिनावर चालत. इंजिन सुरू झालं की बाराही एकदम फिरू लागत. माझ्या आधीच्या हंगामात, एका रेच्याची दुरुस्ती चालू असताना इंजिन सुरू झालं आणि एका माणसाची बोटं गेली. म्हणून टाइमकीपर वामनरावांनी मला सागवानी फळ्यांतून करवून घेतलं.

पहिल्यांदा त्यांनी मला अक्षरांनी भरून टाकलं. हजेरी, कापसाच्या गाठींचे आकडे, सूचना, नियम, सगळं सुबक अक्षरात. पण माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना. शेवटी त्यांनी रेच्यावर कापूस घालणाऱ्या मनकर्णाबाईंना विचारलं, "बाई, फळा पाहत कावून नाही?"

"बाबूजी, मले वाचता येत नाही. मोजता येते. माहा रेचा चालू हाय का बंद, एवढंच सांगा."

इंजिनवाले खुशालराव म्हणाले, "कोनाचा हात मशीनमंदी हाय का, थे मले खिडकीतून दिसलं पाहिजे." फिटर शेषरावांना बिघडलेला रेचा कोणता, ते हवं होतं.

वामनराव दोन दिवस विचार करत राहिले. मग त्यांनी सगळी अक्षरं पुसली. माझ्यावर ओळीनं बारा खिळे ठोकले आणि घासलेटच्या डब्याच्या पत्र्यातून बारा चकत्या कापल्या. एका बाजूनं हिरव्या, दुसऱ्या बाजूनं लाल. हिरवी म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद, आत माणूस आहे. तिघांनाही एका नजरेत आपापलं उत्तर मिळू लागलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी तारीफ केली. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळाला.

पण कौतुक जुनं होतं, मित्रांनो. हळूहळू माझ्यावर कापसाची धूळ साचली. माझ्या खिळ्यांना लोक टोप्या आणि भाकरीच्या पिशव्या अडकवू लागले. सातवा खिळा हलू लागला. मला ते रोज जाणवत होतं, पण सांगणार कसं?

१९६१ च्या मार्चमधली ती दुपार. जेवणाची सुट्टी होती आणि इंजिन बंद होतं. शेषरावांनी सात नंबरची चकती लाल केली आणि ते रेच्याखाली शिरले. इतक्यात एका हमालानं त्याच खिळ्यावरची आपली पिशवी ओढली. खिळा निघाला, चकती खालच्या कापसाच्या ढिगात पडली. एवढासाही आवाज झाला नाही. हमाल निघून गेला.

माझ्यावर अकरा हिरव्या चकत्या होत्या. लाल एकही नव्हती. शेषरावांचा उजवा हात कोपरापर्यंत यंत्रात होता.

सुट्टी संपली. खुशालरावांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. लाल काही दिसलं नाही. त्यांनी शिट्टी दिली आणि ते इंजिनाकडे वळले. मी खोटं बोलत होतो, आणि एक भला माणूस माझ्यावर विश्वास ठेवून चालला होता.

मनकर्णाबाई तेवढ्यात कामावर येत होत्या. रोजच्यासारखे त्यांनी माझे खिळे डावीकडून मोजले. सातवर त्या थबकल्या.

"पडली असन कोठी," मागून आलेला मुकादम म्हणाला. "जा, बस जाग्यावर."

त्या बसल्या नाहीत. इंजिनाच्या खिडकीकडे धावल्या.

"खुशालभाऊ, थांबा. माह्या रेच्याची चकती नाही."

"लाल नाही ना? मंग?"

"हिरवीबी नाही."

खुशालरावांचा हात इंजिनाच्या चाकावर होता. तो तिथंच थांबला. मनकर्णाबाई सात नंबरपाशी जाऊन वाकल्या. "आत कोनी हाय का?"

"मी हावो," खालून शेषराव म्हणाले. "शिट्टी कावून वाजली? माहा हात निघून नाही राहिला."

हात सोडवायला पाव तास लागला. बाहेर आल्यावर मनकर्णाबाईंनी त्यांना पाण्याचा गडवा दिला. खुशालराव त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.

वामनरावांनी मला खाली उतरवलं, पुसलं. "चूक माही हाय," ते म्हणाले. "चकती पडली का फळा खोटा होते, हे मले सुचलंच नाही." त्यांनी चकत्यांचा लाल रंग खरवडून काढला. आता रेच्यात शिरणारा माणूस त्या रेच्याची हिरवी चकती काढून खिशात घालतो. बारा हिरव्या मोजल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. रिकामा खिळा म्हणजे थांबा, मग तो कशानंही रिकामा असो. आणि मनकर्णाबाई कामाआधी बाराही खिळे अंगठ्यानं दाबून पाहतात. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, दवाखान्यात, स्टेशनावर माझे भाऊबंद टांगलेले असतील. जाता-येता त्यांच्यावरची धूळ पुसा, त्यांचे खिळे हलवून पाहा. त्यांच्यावर पिशव्या टांगू नका. आम्ही चुकीचं दाखवत असलो, तर ते आम्हाला कळतं, पण ओरडता येत नाही.