साडेपाचचं पिशाच्च

जिन्यात, दारात, खिडकीचे गज धरून माणसं उभी होती. आत खुर्चीत माझे शेजारी, पाणीवाले आजोबा, मुकाट बसले होते. आठ दिवसांपूर्वी याच खोलीत त्यांनी दाराची कडी उपटली होती, आडव्या आलेल्या सुनेच्या हाताला ते चावले होते. रोज संध्याकाळी तोच प्रकार चालायचा.

"जलपिशाच्च होतं," भुतं उतरवणारे बाबा सांगत होते. "सात जन्मांचं तहानलेलं. आम्ही आठ दिवस मध पाजला. गेलं बिचारं तृप्त होऊन."

लोकांनी तोंडात बोटं घातली. माझं औषधांचं दुकान समोरच आहे आणि असल्या थापा ऐकल्या की माझं डोकं फिरतं. "तहानलेल्याला मध?" मी विचारलं. "आणि हे पिशाच्च रोज साडेपाचलाच कसं यायचं? मनगटाला घड्याळ बांधून फिरत होतं का?"

दोघं-तिघं हसले. बाबा हसले नाहीत. "शंकेखोरांच्या घरीही म्हातारपण येतं," ते हळू आवाजात म्हणाले. मग अकरा जणांनी मधाच्या बाटल्या मागून घेतल्या. प्रत्येकाच्या घरी विसरणारं, चिडणारं, रात्र जागवणारं कोणीतरी होतंच.

मी आजोबांजवळ गेलो. हनुवटीवरून लाळ ओघळत होती. हात धरला, तर कोपरात लाकडासारखा ताठ. डोळे माझ्यावर होते, पण पापणी लवत नव्हती. मला ती शांतता अजिबात आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सून धावत दुकानात आली. "दादा, आजोबांच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नाहीये. ठसका लागून काळेनिळे पडले."

मी डॉक्टरीणबाईंना घेऊन गेलो. त्यांनी छाती तपासली, हात वाकवून पाहिले. "काय देता यांना?"

"रोज चमचाभर बाबांनी मंतरलेला मध. बाकी काही नाही."

बाईंनी तो मध कोमट पाण्यात विरघळवला आणि फडक्यातून गाळला. फडक्यावर पांढरी भुकटी राहिली आणि तिच्यात कुटायची राहून गेलेली अर्धी गोळी. कडेला छोटासा त्रिकोण उमटवलेला.

"मानसिक आजारावरची गोळी आहे," बाई म्हणाल्या. "स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला अशी वाटेल तेवढी दिली, तर अंग आखडतं, गिळता येत नाही, जीवही जातो. याला शांत होणं म्हणत नाहीत."

सुनेने विचारलं, "मग रोज साडेपाचला दाराकडे धावून ते चावायचे कशाला?"

"तुम्ही अडवायचात म्हणून. नोकरीत असताना साडेपाचला काय करायचे ते?"

उत्तर अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पस्तीस वर्षं रोज साडेपाचला आजोबा टाकीवर जाऊन मोठं चाक फिरवायचे, तेव्हा आमच्या नळांना पाणी यायचं. त्यांच्या डोक्यात गाव अजून पाण्याची वाट बघत होतं आणि घरच्यांनी दाराला कडी घातली होती.

मी मात्र त्या त्रिकोणाकडे पाहत राहिलो. ती गोळी गावात फक्त माझ्याकडे मिळते. दर सोमवारी बाबांचा सेवक घडीवर फाटलेली डॉक्टरांची जुनी चिठ्ठी दाखवून चार पट्ट्या न्यायचा. "आमच्याकडे एक रुग्ण आहे," म्हणायचा. मी चिठ्ठीवरची तारीख कधी पाहिली नाही. बाबांना हसणारा मी, आणि त्यांचा चमत्कार माझ्याच कपाटातून जात होता. मला लाज वाटली, आणि भीतीही.

आजोबा वाचले. ते दवाखान्यातून घरी आल्यावर सुनेने फळीवर एक लोखंडी चाक बसवून घेतलं. साडेपाचला ती आता कडी लावत नाही. "पाणी सोडायचं ना?" एवढंच विचारते. आजोबा वीस फेरे फिरवतात, "सुटलं" म्हणतात आणि चहा घेतात.

पण हे नंतरचं. त्या दिवशी त्यांना दवाखान्यात पोचवून मी पोलिसांकडे, गोळ्या माझ्याच दुकानातून गेल्याचंही सांगून, जबाब दिला आणि डॉक्टरीणबाईंबरोबर त्या अकरा घरांकडे निघालो. दारोदार एकच सांगायचं होतं. म्हातारं माणूस ओरडतं तेव्हा त्याला काहीतरी दुखत असतं, हवं असतं, आठवत असतं. ते शोधा. त्याला गप्प करणारं काही कोणी दिलं, तर त्यात काय आहे ते विचारा. मलाही विचारा.

पहिल्या घराचं दार वाजवलं. घरातल्या मुलीने हसत उघडलं.

"हळू बोला हं," ती म्हणाली. "आमची आजी काल संध्याकाळपासून किती शांत झोपलीये."