अर्ध्या गोळीच्या टाळ्या

मालनचं कंबरदुखणं जुनं, आणि जावेवरचा जळफळाट त्याहून जुना. मुलुंडच्या एका दवाखान्यात जुनाट दुखण्यांचा वर्ग भरायचा, तिथे दोघी एकाच बाकावर बसायच्या. दोघींचीही कंबर गेलेली, दोघीही एकच कडक गोळी गिळणाऱ्या. अफूच्या जातीची, सुटता सुटत नाही अशी.

त्या दिवशी शिकवणाऱ्या श्रुतिका सिस्टरनी धाकट्या जावेला उभं केलं. "बघा, कल्पिताताई अर्ध्या गोळीवर आल्या! टाळ्या!"

मालनने बोटांवर बोटं आपटली. काल घरात आलेली ही, आणि हिला टाळ्या! घरी दीरही तेच, "आमची कल्पिता झकास करतेय हां." मालनच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"अर्धी काय नि पाव काय," ती पुटपुटली. "श्रावणात आपण मासे अर्धे-अर्धे सोडतो काय गो? सोडले म्हणजे सोडले." गटारीला ताटभर बांगडे हाणून दुसऱ्या दिवशी त्यांचं नाव न काढणारी बाई ती. घरी येताच तिने गोळ्यांचं अख्खं पाकीट संडासात रिकामं केलं.

सिस्टर घसा फोडून सांगायच्या, एकदम थांबवू नका, शरीराला सवय झालेली असते, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरा. पण ऐकतंय कोण? मालनचे कान सगळे त्या टाळ्यांकडे.

दुसऱ्या दिवशी पार वाट लागली. घाम, थरथर, उलट्या, हाडन् हाड ठणकतंय. मेले मी, असंच वाटलं तिला. आणि खोलीच्या दारात कोण, तर कल्पिता! गोळी एकदम सोडल्याचं तिने बघताक्षणी ओळखलं, रिक्षा बोलावली आणि मालनला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली. सिस्टर म्हणाल्या, "मालनताई, हा उपास नाही. किती कमी करायची ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही."

मालन बाहेरच्या बाकावर टेकली. म्हणजे आता हिच्या मागून सुरुवात!

"तुला बरं सोपं गेलं गो," ती फणकारली.

"सोपं?" कल्पिता म्हणाली. "न्हाणीत नळ सोडून रडायचे मी, वैनी. तू ऐकशील नि हसशील म्हणून."

मालनला आधी बरं वाटलं. अगदी मनापासून. मग त्या बरं वाटण्याचीच एवढी लाज वाटली की जावेकडे बघवेना.

"हसले असते गो," ती म्हणाली. "खरंच हसले असते."