डावा पीळ

जरा हळू फिरते, म्हणजे माझं बोलणं तुम्हाला ऐकू येईल. मी टकळी. टकळी म्हटलं की तुम्हाला बडबड आठवत असेल, पण मी तशी अबोलच. जे सांगायचं ते मी धाग्यात सांगते, आणि धागा वाचणारी माणसं थोडी.

माझा जन्म एका चोरीमुळे झाला. आमच्या डोंगरात पोराला पोरगी आवडली की तो तिच्या हातची टकळी हिसकावून पळायचा. पोरीनं आरडाओरडा करायचा, पण फार मागे लागायचं नाही, अशी रीत. निकानोरनं फोर्तुनाताची टकळी अशीच पळवली. तेव्हा तो बसवर क्लीनर होता. टकळी त्यानं सीटवर ठेवली आणि विसरून तिच्यावरच बसला. मग भरपाई म्हणून त्यानं एका फांदीतून मला तासलं आणि खाली लाकडाची चकती बसवली. मी किंचित वाकडी झाले. फोर्तुनातानं मला बोटांवर तोलून पाहिलं. म्हणाली, "हिला सरळ उभंसुद्धा राहता येत नाही. अगदी तुझ्यासारखी." आणि लग्नाला हो म्हणाली.

पुढची कितीतरी वर्षं मी आरेकीपा शहरात एका पेटीत पडून होते. निकानोर बस चालवायचा, फोर्तुनाता शाळेच्या स्वयंपाकघरात भली मोठी पातेली ढवळायची. त्या धबडग्यात सूत कातायला वेळ कुणाला? पेटीत मला सारखं एकच स्वप्न पडायचं. मी वाऱ्यात लोंबकळतेय, खाली गवत सळसळतंय आणि लोकर ढगातून उतरावी तशी माझ्याकडे येतेय.

मुलगी एदेल्मिरा शहरातच नोकरीला लागली, आणि ही दोघं म्हातारपणी वर माळावर परतली. फोर्तुनातानं थोड्याशा अल्पाका घेतल्या, म्हणजे आमच्याकडची लांब मानेची, लोकरीची जनावरं. गावातले सगळे कळप पांढरे, कारण व्यापाऱ्याला पांढरी लोकर हवी असते. हिनं मात्र एक कॉफीच्या रंगाची घेतली, एक राखाडी, एक अर्धी अशी आणि अर्धी तशी, आणि एक नखशिखांत काळी.

शेजारीण लेआंद्रा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अगं फोर्तुनाता, ही काय जनावरं आणलीस? व्यापारी यांच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही."

"नको बघू दे. मी बघते ना."

"आणि खाणार काय?"

"म्हाताऱ्याची पेन्शन आहे. या मी हौसेला पाळल्यात."

लेआंद्रा हसून हसून खालीच बसली. त्या गावात हौसेला अल्पाका पाळलेल्या कुणी ऐकल्या नव्हत्या.

पण काय सुखाचे दिवस होते ते! फोर्तुनाता कळपामागे चालायची आणि मी तिच्या शेजारी हवेत गिरक्या घेत जायचे. अल्पाका चरताना गुणगुणतात, बारीक, नाकातल्या नाकात, कुणी जुनं काही आठवत बसल्यासारखं. त्या आवाजात मला गुंगी यायची. काळी अल्पाका मधूनच जवळ येऊन माझ्यावरच्या आपल्याच लोकरीचा वास घ्यायची आणि मग, पटलं नाही तर, थुंकायची. निकानोर मागून धापा टाकत यायचा आणि बसमधल्या प्रवाशांना ओरडायचा तसा जनावरांना ओरडायचा, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे!"

त्या धापा वाढत गेल्या. आरेकीपाच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयातली झडप गेली आहे, ऑपरेशन करा, उशीर करू नका. निकानोर म्हणाला, लोकर कातरून झाली की जाऊ. मग म्हणाला, कार्निव्हल होऊ दे. मग म्हणाला, काळी व्यायची आहे, तिला सोडून कसं जायचं?

फोर्तुनाता त्याला ओळखून होती. या माणसाला ढकललं की तो हमखास उलटा जातो. म्हणून तिनं ठरवलं की काही बोलायचंच नाही. फोनवर मुलगी रडली की ही हसायची. "अगं, तुझा बाबा बैलासारखा धडधाकट आहे. जाईल, त्याला वाटेल तेव्हा."

निकानोर ते ऐकायचा आणि निवांत व्हायचा. लेआंद्राला सांगायचासुद्धा, "काही खरं असतं, तर आमची म्हातारी अशी हसली असती का?"

ती हसत होती. पण मी तिच्या बोटांत होते, मला तिचं हसू दिसत नव्हतं.

आमच्याकडे सूत उजवीकडे पिळतात. रोजचं सगळं, अंगावर घ्यायचे पोंचो, शाली, पोती, सगळं उजव्या पिळाचं. डावा पीळ वेगळा. घरातल्या कुणावर काही येऊ घातलं असेल, तर डावीकडे पिळलेला धागा त्याच्या मनगटावर बांधतात, म्हणजे वाईट आलं तरी वाट चुकून निघून जातं. तो धागा गंमत म्हणून कुणी कातत नाही.

एका सकाळी दोघं अंगणात बसली होती. तिला दोन धागे एकत्र वळायचे होते, एक कॉफीच्या रंगाचा आणि एक राखाडी. गुंडे पायांत धरून बसणं हे निकानोरचं काम. धागे जुळेनात. वळावं तेवढे सुटत, एकमेकांना नकोसे झाल्यासारखे. निकानोरनं राखाडी धागा उचलला आणि चिमटीत फिरवून पाहिला. त्याची आई सूत कातायची, आजी कातायची. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"हा डावा पीळ आहे."

"काहीतरीच काय!" फोर्तुनातानं धागा ओढून घेतला. तिनं गुंडा थोडा उलगडला, मग आणखी उलगडला. तो पार आतपर्यंत डावा होता. खोटं नाही सांगत, तिलाही तेव्हाच कळलं. त्या सगळ्या हसऱ्या दिवसांत तिची बोटं मला उलटी फिरवत होती, आणि मी फिरत होते.

"डोळे चुकले माझे," ती म्हणाली.

"बोटांना डोळे कशाला लागतात?" निकानोरनं गुंडा तिच्या हातून काढून घेतला. "म्हातारे, तू एवढी घाबरली आहेस?"

पदरासारखी शाल तिनं तोंडावर ओढली आणि तिचे खांदे हलू लागले. निकानोर उठला, आत गेला आणि त्यानं मुलीला फोन लावला. "तारीख घे," एवढंच म्हणाला.

दवाखान्यात मी तिच्या झोळीत होते. ऑपरेशनला नेताना नर्सनं त्याच्या मनगटावर फोर्तुनातानं बांधलेला राखाडी दोरा कापायला कात्री काढली. निकानोर म्हणाला, "बाई, छाती कापायचीय ती खुशाल कापा. हा दोरा कापू नका." नर्स डोंगरातलीच असावी. तिनं दोरा हळूच सोडवून फोर्तुनाताच्या मुठीत दिला. मग ती मूठ दिवसभर उघडली नाही.

तो शुद्धीवर आला तेव्हा त्यानं पहिलं विचारलं, "काळी व्याली का?"

"मेल्या!" फोर्तुनाता गदगदून ओरडली. "माझा जीव गेला होता इथं, आणि तुला अल्पाका सुचतेय!"

काळी व्याली होती. पिल्लू तिच्यासारखंच काळंभोर झालं. लेआंद्रानं त्याला आपल्या पांघरुणात घेऊन वाळवलं होतं, हे तिनं पुढे कधी कबूल केलं नाही.

आता मी म्हातारी झाले. माझी चकती एका बाजूनं उडाली आहे आणि मी निकानोरच्या हातात आहे. त्याला चढ चढायला मनाई आहे. म्हणून फोर्तुनाता कळपामागे एकटी जाते, पार वर, जिथे गारा कधी कोसळतील सांगता येत नाही आणि हाक मारली तरी ऐकायला कोणी नसतं. तो दगडी कुंपणावर बसतो, वरच्या वाटेकडे बघत मला फिरवतो. हात अगदीच वाईट. धागा कुठे दोरखंडाएवढा जाड होतो, कुठे तुटतो, आणि मी सारखी मातीत पडते. लेआंद्रा मुद्दाम बघायला येते. "काय ड्रायव्हरसाहेब, गाडी आज किती वेळा बंद पडली?"

परवा संध्याकाळी फोर्तुनाता परतली आणि तिनं त्याचं सूत चिमटीत धरून पाहिलं.

"म्हाताऱ्या, उलटी फिरवतोयस."

"माझा हात दुसरीकडे वळतच नाही," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

मग तिनं शालीतून हात बाहेर काढला आणि मनगट त्याच्यासमोर धरलं. "मग नुसता गुंडाळून काय ठेवतोस? बांध."

माझं मागणं एवढंच आहे. पुन्हा मला पेटीत ठेवू नका. मोडले तर चुलीत घाला, पण तोवर या दोघांपैकी कुणाच्या तरी हातात राहू द्या. कुठल्या बाजूला फिरवायचं, ते त्यांचं त्यांना कळतं.