पोट फुगवणाऱ्या घोड्याचा तंग

मित्रांनो, मी चामड्याचा एक जुना तंग आहे. घोड्यावरचं खोगीर घसरू नये म्हणून त्याच्या पोटाखालून जो पट्टा आवळतात, तो मी. स्वार वर बसून दूरवर पाहतो. मला दिसते ती फक्त खालची जमीन. म्हणून असेल, मी जन्माचा भित्रा.

माझी मालकीण लॉरेटा. कोलोरॅडोच्या डोंगरात शेरीफच्या पोलिसांना मदत करणाऱ्या स्वयंसेवक घोडेस्वारांपैकी एक. पगार नाही; घोडा आपला, चारा आपला, पडलात तर हाडंही आपलीच. जत्रेतली गर्दी आवरायची, कोणी हरवलं तर शोधायचं. सरावात आमच्या घोड्यासमोर, डस्टीसमोर, फटाके वाजवले, धूर सोडला, ताडपत्र्या फडफडवल्या. तो उभा राहायला शिकला. तेव्हा लॉरेटा मला नेमाने तेल चोळायची. पुढे ते मागे पडलं, आणि बकलाजवळ मला भेग गेली.

डस्टीला एक खोड होती. मला आवळताना तो पोट फुगवून ठेवायचा. श्वास सोडला की मी सैल. म्हणून त्याला थोडं चालवून मला पुन्हा आवळायचं, हा नियम.

एका दुपारी अळंबी वेचायला गेलेले एक आजोबा डोंगरात हरवले. बर्फाचे ढग खाली उतरत होते.

"लॉरेटा, नटतेयस का? चल!" तिचा जुना सोबती हर्शेल ओरडला.

"तुझ्या तिसऱ्या लग्नाला थोडीच निघालेय, म्हाताऱ्या!" म्हणत ती चढली. मला दुसऱ्यांदा आवळायचं राहिलं.

चढ लागताच डस्टीने श्वास सोडला. त्याच्या पोटाच्या आणि माझ्या मधे वारा शिरला. वाट अरुंद झाली. उजवीकडे खडक, डावीकडे दरी. आजोबांना हाक मारायला लॉरेटा डावीकडे वाकली, आणि खोगीर दरीकडे सरकलं. माझी भेग ताणली गेली.

मागून हर्शेल अगदी हळू बोलला, "हलू नकोस. खोगीर कलंडतंय."

"उतरते मग."

"डावीकडून नको गं बाई! रोज डावीकडून उतरायची सवय आज विसर. सगळा भार उजव्या पायावर टाक. खडकावर पडलीस तर ढोपर फुटेल, एवढंच."

"फार धीर देतोस रे."

"माझ्याकडे आहे कुठे द्यायला?"

तिने भार टाकला. खोगीर सरळ झालं, मग गर्रकन उजवीकडे फिरलं. ती खडकावर आदळली. खोगीर डस्टीच्या पोटाखाली लोंबकळू लागलं आणि मी त्याच्या पाठीवर आलो. अशा वेळी कुठलाही घोडा उधळतो. त्याने एक उडी घेतली असती, तर खाली दरीच होती. त्याचं कातडं माझ्याखाली थरथरत होतं. पण पाय हलले नाहीत. "उभा राहा, राजा, उभा राहा," म्हणत लॉरेटाने माझं बकल काढलं. तेव्हा तिला भेग दिसली.

शोधायला हर्शेल एकटाच पुढे गेला. आजोबा जिवंत सापडले, पण त्यांच्या पायाची दोन बोटं थंडीने गेली. दोघं असते तर लवकर सापडले असते का? लॉरेटा हे अजून विचारते.

आता सरावाच्या शेडमध्ये मी खिळ्यावर असतो. नवे स्वयंसेवक माझ्या भेगेवरून बोट फिरवतात. मित्रांनो, जी वस्तू तुमचा भार पेलते, तिला वेळेवर तेलपाणी करा. घाईत असाल तेव्हा तर तिच्यावरून पुन्हा एकदा हात फिरवा. बाहेर कोणी "चला, चला" म्हणालं की अजून माझा जीव घाबरा होतो. डस्टीच्या पोटाला आता नवा तंग आहे. चांगला मजबूत आहे. पण सैल झालो, हे ओरडून सांगता त्यालाही येत नाही.