दहाच्या दिशेचा गरुड

दुर्बिणीच्या उजव्या काचेवर अंगठ्याचा ठसा होता — लोण्याचा, जाड, रेघन्‌रेघ दिसावी असा… आणि जहाजावरच्या प्रवाशांना प्राणी दाखवायला सकाळपासून बाबा याच दुर्बिणीतून फ्योर्डच्या अरुंद खाडीचे कडे न्याहाळत होते! काच पुसता पुसता, त्यांच्याच जहाजावर खलाशी असलेली तोरुन थांबली. हेच ना ते बाबा — ती आठ वर्षांची असताना काचेवर नुसता श्वास सोडला, तर दिवसभर दुर्बिणीला हात लावू न देणारे? "काच मळली की डोंगर खोटं बोलतो, पोरी." आणि काल कॉफी कपाबाहेर ओतून म्हणाले, जहाज हललं… पाणी तर दुधासारखं निवांत होतं. आपण हसलोही!

"दहाच्या दिशेला!" स्पीकरवर बाबांचा आवाज घुमला. जहाजाचं नाक म्हणजे बारा, हे प्रवाशांना पहिल्याच दिवशी पाठ झालेलं. सगळी डोकी डावीकडे वळली. "पाण्यालगतचा खडक. समुद्रगरुड. पांढरी शेपूट बघा!"

खडकात मत्स्यशेतीचं जाळं तरंगत ठेवणारा एक फुटका पांढरा गोळा अडकला होता. तेवढंच.

"फारच शिस्तीचा आहे बाई," बर्गेनच्या एक निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या, "शेपूटसुद्धा हलवत नाही!" हशा पिकला.

सुकाणूघराच्या दारात कप्तान गुनवोर उभी होती. या जहाजाची रीतच अशी, की एकाने हाक द्यायची आणि दुसऱ्या खलाशाने 'पाहिला' म्हटल्याशिवाय प्राण्याचं नाव फळ्यावर चढत नाही.

"काय ग तोरुन, पाहिलास?"

नाही म्हटलं तर… डोळ्यांची तपासणी, मग कायमचा किनारा, मग पाणी न दिसणारी एखादी खोली आणि खिडकीशी बसलेले बाबा. आणि हो म्हटलं तर — उद्या धुक्यात, अरुंद सामुद्रधुनीत, खडकांवर नजर ठेवायला पुढे तेच उभे राहणार, चाळीस माणसं मागे घेऊन…

"पाहिला," ती म्हणाली. "आत्ताच उडाला, खडकामागे." किती सहज आलं तोंडातून! जणू खरंच पंख फडफडले होते.

"अरेरे, हुकला!" मास्तरीणबाई हळहळल्या.

बाबा वळले. तिच्याकडे नव्हे — आवाजाच्या अंदाजाने, तिच्या जरा शेजारी.

"उडाला?" ते हळूच म्हणाले. "पंख केवढे होते ग?"

विश्वासाने विचारलं की सगळं कळून?… तिला ठरवता येईना.

"केवढेतरी, बाबा."

"हं." ते कठड्याला धरून उजवीकडे तोंड करून उभे राहिले. तेवढ्यात तिकडेच, अगदी जवळ, दोन डॉल्फिनच्या काळ्या पाठी पाण्याबाहेर आल्या. एरवी तोरुनची किंकाळी सगळ्यांच्या आधी! आज हाक गळ्याशी आली आणि तिने ती दातांमागे धरून ठेवली. आधी बाबांना दिसू दे… एवढं एकदाच. पाठी बुडाल्या, वर आल्या, बुडाल्या — ती पाण्याकडे बघतच नव्हती, बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती.