जुड्यांच्या मुलाखती

नेमणूक खात्यात एकतीस वर्षे कारकुनी करून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना सारी इमारत 'नियमावली' म्हणून ओळखत असे, आणि हे नाव त्यांना मुळीच खटकत नसे. त्यांच्या हातून एकही चुकीची नेमणूक झाली नव्हती. किंबहुना शेवटच्या सहा वर्षांत कोणतीच झाली नव्हती. त्यामुळे डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीचा अहवाल पाहून, "गुडघ्याची शस्त्रक्रिया करू, पण आधी रक्त वाढू द्या. गोळ्या देतोच, शिवाय रोजच्या जेवणात एखादी चांगली पालेभाजी घाला. महिन्याने पुन्हा तपासू," असे सांगितले, तेव्हा नियमावलींच्या मनात एकच शब्द रुतून बसला : एखादी. पण कोणती? चार महिने पत्नी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. निवड चुकली, तर ती कधीच उतरणार नव्हती.

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या टेबलापाशी मुलाखती सुरू झाल्या. एकेका खुर्चीवर एकेक उमेदवार. तज्ज्ञ म्हणून कोपऱ्यावरच्या भाजीवालीला पाचारण झाले होते.

"साहेब, भाजीला खुर्ची आणि मी उभी?"

"उमेदवार क्रमांक एक, पालक," नियमावली म्हणाले. "लोह?"

"आहे की. वर लिंबू पिळा, म्हणजे अंगी लागेल."

"म्हणजे एकट्याने काम जमत नाही." त्यांनी शेरा मारला : परावलंबी.

मेथीला 'स्वभाव कडवट' मिळाले. शेपूला 'स्वतःचा गवगवा फार'. कोबीपुढे ते बराच वेळ अडले आणि अखेर त्यांनी लिहिले, 'मनातले बाहेर येऊ देत नाही.'

"अहो, भात निवतोय!" आतून पत्नी ओरडली. "समिती जेवणार आहे की उपाशीच बसणार?"

"अगं, निकालाआधी यातलं काही वाढता येणार नाही. पक्षपात होतो."

"ताई, कसं काढलंत हो आयुष्य?" भाजीवालीने टोपली उचलत विचारले.

"वाळत टाकलेल्या कपड्यासारखं, लोंबकळत," ताई आतून म्हणाल्या.

उमेदवार दुपारपर्यंत माना टाकत, म्हणून रोज सकाळी नवे बोलवावे लागत. तीन आठवड्यांनी फेरविचारांती पालकाची निवड झाली. मग हरकतींसाठी सात दिवसांची मुदत. 'निवड झाली; हात लावू नये' अशी चिठ्ठी लावून ती जुडी फ्रीजमध्ये ठेवली गेली. हरकत एकही आली नाही. सातव्या दिवशी पिशवीत फक्त हिरवे पाणी उरले होते.

त्याच दिवशी तपासणी होती. शेजाऱ्यांनी पत्नीला खुर्चीसकट खाली उतरवले. दवाखान्यात नियमावली फाईल छातीशी धरून बसले. महिना संपला होता आणि पद रिकामेच होते.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "रक्त छान वाढलंय. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया. कोणती भाजी दिलीत?"

"ती," नियमावली म्हणाले, "अजून रुजू व्हायची आहे."

"नाकारलेल्या सगळ्या," पत्नी शांतपणे म्हणाली. "हे शेरे लिहून आंघोळीला गेले की मी चिरून डाळीत टाकायची. लिंबू पिळून. ह्यांनीही खाल्ल्यात. वहीत डोकं घालून जेवतात, ताट हिरवं की निळं ते यांना कुठे दिसतं?"

"पण अगं, त्या अपात्र होत्या!"

"माझ्या रक्ताला कुणी कळवलंच नाही."

परतताना नियमावली आपले शेरे आठवत होते. एकतीस वर्षांत ज्या शेकडो नावांपुढे त्यांनी 'अपात्र' लिहिले, ती माणसे पुढे कुठे आणि कुणाच्या उपयोगी पडली असतील, हा विचार त्यांना प्रथमच शिवला, आणि तो सुखाचा नव्हता.

घरी पोचताच पत्नीने समोरच्या खुर्चीकडे बोट केले. "बसा. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे स्वयंपाकाला माणूस लागेल. अनुभव?"

"नाही," ते खाली पाहत म्हणाले.

"लिंबू पिळता येतं?"

"शिकेन."

"परावलंबी," ती म्हणाली आणि येताना भाजीवालीकडून घेतलेली शेपूची जुडी त्यांच्यापुढे सरकवली. "व्हा रुजू."

त्यांनी दोरा सोडला, एक काडी उजेडात धरली, चष्मा सारखा केला. "देठ नक्की किती ठेवायचा?"

"अहो, हरकती मागवू नका. तोडा."