धाकटा भाऊ अंधारात

आमच्या चष्म्याच्या दुकानात एकच कॉम्प्युटर आहे आणि त्यावर येणारा प्रत्येक मेल काका आधी वाचतो. माझा असो, आत्याचा असो, नाहीतर लॉटरी लागल्याचा असो. नुसता वाचत नाही, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता मोठ्याने वाचतो. "दुकानाचा मेल म्हणजे घरचा मेल," असं त्याचं म्हणणं. लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून जन्मभर काचा घासणाऱ्या या माणसाला दुसऱ्याचं काही खासगी असतं, एवढंच तेवढं दिसत नाही.

बाबा गेल्यापासून याच माणसाने मला वाढवलं, हीच तर पंचाईत. दुसऱ्या शहरातल्या लेन्सच्या लॅबमध्ये मला नोकरी मिळायची चिन्हं होती आणि इकडे काकाने दुकानाची नवी पाटी रंगवायला टाकली होती: 'काका-पुतणी चष्मेवाले'. मला त्याला शेजारी बसवून, माझ्या तोंडाने, नीट सांगायचं होतं. ते त्यानेच एखाद्या गिऱ्हाइकासमोर वाचून दाखवावं, हे मला नको होतं.

नोकरीची बोलणी आत्याच्या ओळखीतून, तिच्यामार्फतच चालणार होती. आत्या म्हणजे काकाची थोरली बहीण, वर्तमानपत्रात मथळे लिहून निवृत्त झालेली. फोनवर तिला ऐकू येत नाही, म्हणून सगळं मेलवर. शेवटी तिच्या घरी जाऊन तिला एन्क्रिप्शन शिकवायला बसले.

"दोन चाव्या असतात, आत्या. एक जगाला वाटायची, तिने मेलला फक्त कुलूप लागतं. दुसरी आपल्याजवळ ठेवायची, ते कुलूप तिनेच उघडतं."

"मग पहिलीला चावी कशाला म्हणायचं? ते कुलूपच झालं की! कुणी लिहिलंय हे? आमच्या ऑफिसात असता तर घरी बसवला असता."

शिकली मात्र पटकन. माझी चावी मी फोनमध्ये ठेवली आणि तिला काकाच्या सात पिढ्यांना सुटणार नाही असा पासवर्ड लावला. त्या पिढ्यांत मीही येते हे लक्षात आल्यावर थोडा सोपा केला.

आत्याचे मेल कुलूपबंद यायला लागले आणि दुकानातलं जाहीर वाचन बंद पडलं. काका गप्प गप्प असायचा. वाचायला मिळत नाही म्हणून फुगला असेल, असं समजून मी खुशाल स्वतःची पाठ थोपटून घेतली.

नोकरी पक्की झाली. दुपारी दुकान रिकामं बघून मी काकाला डोळे तपासायच्या स्टुलावर बसवलं.

"काका, एक सांगायचंय."

"पगार समाधानकारक आहे ना?"

त्याने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. आत्याचे मेल ओळीने उभे होते, प्रत्येकाच्या पोटात न कळणारी अक्षरं, आणि वर विषयाच्या जागी ठळक मराठीत:

'भाचीला नोकरी मिळण्याची चिन्हे'

'मुलाखत उत्तम, पगार समाधानकारक'

'भाची लवकरच रुजू. धाकटा भाऊ अंधारात'

कुलूप लागतं ते आतल्या मजकुराला. विषयाची ओळ बाहेर उघडीच राहते. माझ्या फोनवर दोन्ही एकत्रच दिसायचं, म्हणून मला वाटायचं दोन्हीला कुलूप आहे. आणि मथळ्यात सगळी बातमी कोंबल्याशिवाय आत्याला चैन पडत नाही.

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"कुलूप दिसलं ना." त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. "म्हटलं, माझ्यापासूनच लपवायचं असेल. तर मग लपू दे."

मला भयंकर वाईट वाटलं. दार धडाधड वाजवून आत शिरणारा माझा काका, मी कडी लावली तर बाहेर निमूट उभा राहिला होता.

"सांगणारच होते रे."

"माहीत होतं. म्हणून तर थांबलो."

"आणि पाटी?"

"पेंटरला म्हटलं, 'पुतणी' गाळ. गाढवाने 'काका' आणि 'चष्मेवाले'च्या मधे ही एवढी जागा मोकळी सोडलीय. राहू दे आता." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मलाही त्या दोन चाव्या करून दे. ताईला कळता कामा नये."

नव्या शहरात, नव्या खोलीत सामान अजून खोक्यांतच होतं तेव्हा आत्याचा मेल आला: 'काका-पुतणीत गुप्त पत्रव्यवहार, थोरली बहीण अंधारात'. त्याच्या खाली काकाचा मेल होता. विषयाची जागा कोरी. पासवर्ड दोनदा चुकला, मग कुलूप निघालं. आत एवढंच होतं:

जेवलीस का?

मी काकाची जगाला वाटायची चावी शोधली, कुलूप लावलं आणि लिहून पाठवलं: अजून नाही. तू?